समेटाचा रविवार

बाकांची गाडी शनिवारी सकाळीच दारात आली. त्या दरीतल्या आमिश पंथाच्या साध्या ख्रिस्ती लोकांना चर्चची इमारत नव्हती. ज्याच्या घरी उपासना, त्याच्याकडे बाकं. खिडक्या नसलेली ती करडी घोडागाडी दर दोन आठवड्यांनी मंडळीतल्या कुणा ना कुणाच्या अंगणात उभी राहायची. या वेळचा मान एश घराण्याचा होता. तो जुलैतच ठरला होता, आणि जुलैत आरी जिवंत होती.

बिशप एफ्राइम हे घरधनी बेनुएलचे सख्खे काका. त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता : मान दुसऱ्या घराला देऊ, तुझ्या बायकोला, लव्हिनाला, या वेळी झेपायचं नाही. बेनुएलनं परस्पर कळवून टाकलं, झेपेल. लव्हिनाला ते नंतर कळलं. हल्ली तिच्याविषयीच्या पुष्कळ गोष्टी तिला नंतरच कळत.

सगळ्यात मोठी गोष्टही तशीच कळली होती. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या बुधवारी घरच्या रस्त्याच्या तोंडाशी, त्यांच्याच भोपळ्यांच्या स्टॉलवर ट्रॅव्हिस रोर्कनं चार गोळ्या झाडल्या. लव्हिनाची सतरा वर्षांची मुलगी आरी तिथंच गेली. नणंदेची लिडिया कमरेत गोळी घेऊन वाचली. पोलीस येईपर्यंत तो पोरगा भोपळ्यांशेजारी गवतावर बसून राहिला होता म्हणे. त्याच संध्याकाळी, लव्हिना अजून मुलीच्या अंगावरच्या चादरीचं टोक धरून बसली होती तेव्हा, बेनुएल टोपी घालून तीन मैल चालत गेला आणि ट्रॅव्हिसच्या आईला, ग्लेंडाला, म्हणाला, "आमच्या मनात तुमच्याविषयी काही नाही. आम्ही क्षमा केली आहे."

आम्ही. त्या शब्दात लव्हिनाही आली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

वर्तमानपत्रांनी ते वाक्य उचललं. मग कुठून कुठून पत्रं येऊ लागली, करंड्या भरल्या. कुणी लिहिलं होतं, तुमच्यामुळे मी माझ्या भावाशी बोललो. कुणी लिहिलं होतं, तुम्ही संत आहात. लव्हिनानं पाचसहा वाचली आणि करंडी जिन्याखाली सरकवून दिली. जे आपण केलंच नाही त्याबद्दल पाठ थोपटून घेताना माणसाला चोरट्यासारखं होतं.

आणि उद्या समेटाची सभा होती. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, मंडळी प्रभुभोजनाला बसे. त्याच्या दोन आठवडे आधी बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला एकेक करून विचारलं जाई : देवाशी, मंडळीशी आणि सगळ्या माणसांशी तुझा समेट आहे ना? सगळ्यांचं 'हो' आलं तरच भाकरी मोडायची आणि द्राक्षारसाचा पेला फिरवायचा. एकाचंही मन अडलं असेल तर सगळ्यांनी थांबायचं.

*

"वहिनी, तू बस जरा. मी पुसते काचा."

"बसून काय करू, सलोमी?"

सलोमी ही बेनुएलची धाकटी बहीण. तोंडाची चुणचुणीत, हातांचीही. ती पहाटेच बग्गी जोडून आली होती आणि लिडियालाही घेऊन आली होती. बारा वर्षांची लिडिया चाकाच्या खुर्चीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून उकडलेली बीटं सोलत होती. डॉक्टर म्हणाले होते, चालेल, पण कधी आणि किती ते आताच सांगता येत नाही.

पाव भाजून झाले होते, चीज कापून झालं होतं, सफरचंदाच्या दाट मुरांब्याच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. दीडशे माणसांचं जेवण म्हणजे हाताला उसंत नाही, आणि लव्हिनाला तेच हवं होतं. पण सलोमीला मध्येच कंठ फुटायचा.

"उद्या एफ्राइमकाका विचारतील तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"काही नाही. म्हणजे तू हो म्हणशील ना?"

लव्हिना काच पुसत राहिली.

"मी तर हॉस्पिटलातच केली क्षमा," सलोमी म्हणाली. "लिडियाला आत नेलं, दार बंद झालं, तिथंच भिंतीशी उभी राहिले आणि देवाला म्हटलं, केली. खरं सांगते, मन इतकं हलकं झालं माझं. तूही म्हणून बघ. आधी तोंडानं म्हणायचं, मन मागाहून येतं."

"तुझी मुलगी बीटं सोलतेय, सलोमी. माझी मातीत आहे. तुझ्या मनाला हलकं व्हायला जागा आहे."

सलोमीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "हे तू लिडियासमोर बोललीस," ती एवढंच म्हणाली आणि बादली उचलून मागच्या अंगणात गेली.

लिडियानं मान वर केली नाही. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मामी, आई रात्री दाराला खुर्ची लावते."

"काय?"

"कडी असते, तरी खुर्ची लावते. आणि बाबांची कुऱ्हाड पलंगाखाली ठेवते. बाबांना माहीत नाही." तिनं आणखी एक बीट उचललं. "मी सांगितलं असं तिला सांगू नकोस."

*

दुपारी अंगणात पिकअपचा आवाज आला, तेव्हा लव्हिनानं न बघताच ओळखलं. तिचा धाकटा भाऊ सिल्व्हन बाप्तिस्मा घेऊनही मंडळी सोडून गेला होता, त्याला नऊ वर्षं झाली. गाडी घेतली, दाढी काढली, इंग्लिश बाईशी लग्न केलं. आमिश नसेल तो यांच्या लेखी इंग्लिश. तेव्हापासून त्याला घरच्यांच्या टेबलावर जागा नव्हती. आला तर ओसरीवरच्या छोट्या टेबलावर त्याचा कॉफीचा कप वेगळा ठेवला जाई. त्याची त्याला सवय झाली होती. लव्हिनाला झाली नव्हती.

त्यानं पुरुषांबरोबर बाकं उतरवली. कुणी त्याला नको म्हटलं नाही, कुणी हाकही मारली नाही. मग तो ओसरीवर बसला आणि लव्हिना कॉफी घेऊन गेली.

"ताई, किती वाळलीस गं."

"तू मात्र सुटलायस."

तो हसला, पण तेवढ्यापुरतंच. "मी सरकारी वकिलाला भेटलो. तो म्हणतो, तुमच्या लोकांकडून कुणी कोर्टात बोलतच नाही. आईनं उभं राहून दोन शब्द सांगितले ना, न्यायाधीशावर फार परिणाम होतो. तू यायचंस. मी गाडी घेऊन येतो."

"आपण कोर्टात जात नाही, सिल्व्हन."

"आपण! भाऊजी तुला न विचारता क्षमा वाटून आले. उद्या काका तुझ्या तोंडून हो काढून घेतील. सगळे मिळून तुझ्या मुलीला गुंडाळून ठेवताहेत, ताई, आणि तू त्यांना पाव भाजून घालतेस. एकदा तरी ओरड ना!"

लव्हिनाला क्षणभर वाटलं, याच्या गाडीत बसावं आणि जावं. या तीन आठवड्यांत तिच्या रागाला राग म्हणणारा हा एकटाच भेटला होता. पण तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी, ज्या दिवशी त्याला मंडळीबाहेर काढलं, त्या दिवशी त्याचे ओठ असेच थरथरत होते.

"तुझं जुनं भांडण तुला माझ्या तोंडून भांडायचंय," ती म्हणाली. "आरीचं नाव त्यात घालू नकोस."

सिल्व्हननं कॉफी तशीच ठेवली. "म्हणजे तू त्यांचीच."

"मी कुणाचीच नाही. तेच तर झालंय."

तो गेला. धूळ खाली बसली, तेव्हा तिला दिसलं की रस्त्यानं कुणीतरी चालत येत आहे. इंग्लिश बाई, निळं जाकीट, एक खांदा किंचित खाली. चौदा वर्षं त्या खांद्याशेजारी बसून लव्हिना दवाखान्यात, बाजारात, लांबच्या लग्नांना गेली होती. आमिश लोक गाडी ठेवत नाहीत, पण लांबच्या प्रवासाला इंग्लिश माणसाची भाड्यानं घेतात. ग्लेंडा रोर्क त्यांची गाडीवाली होती. पुढेपुढे गाडीवालीपेक्षा बरीच जास्त झाली होती.

लव्हिना सरळ गोठ्यात गेली. "बेनुएल, ग्लेंडा आलीय."

बेनुएल चारा टाकत होता. त्यानं हात थांबवला नाही. "मीच बोलावलंय. म्हटलं, समेटाच्या आधी तुमची भेट व्हावी."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच तर विचारायचं असतं, बेनुएल!"

तिचा आवाज इतका चढला की शेजारची गाय दचकून मागं सरली. बेनुएलनं चाऱ्याचा काटा भिंतीला टेकवून ठेवला. तो मोठा, संथ माणूस होता. बोलायला त्याला वेळ लागे.

"लव्हिना, त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो नसतो ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो असतो. आणि रिकाम्या हातानं गेलो नसतो." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. "मी स्वतःला ओळखतो. सगळ्यांसमोर एकदा शब्द तोंडातून काढला की परत घेता येत नाही. म्हणून धावत गेलो. तुला विचारायला थांबलो असतो तर पोचलो नसतो."

हे त्यानं आधी कधीच सांगितलं नव्हतं. गोठ्यातून बाहेर पडताना लव्हिनानं दार आपटलं नाही.

*

ती ग्लेंडाला धुण्याच्या खोलीत घेऊन गेली. तिथं दोन उलट्या पेट्या होत्या आणि दार लागत होतं. ग्लेंडा बसली नाही.

"व्हॅन कुठाय?"

"पोलिसांनी नेली. तपासायला."

"चालत आलीस?"

"हो."

लव्हिनाला आठवलं, आरीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा दुसऱ्याच कुणाची गाडी होती, पण त्यापुढच्या वेळी हीच होती. दुसरं मूल गेलेलंच जन्मलं. तेव्हा परतीच्या वाटेवर हिनं व्हॅन कडेला उभी केली होती आणि एक शब्दही न बोलता अर्धा तास तिचा हात धरून ठेवला होता. पोराच्या पापाला आई काय करणार, असं लव्हिना रोज स्वतःला सांगत होती. त्या पोराला क्षमा करणं तिला जमत नव्हतं, पण ग्लेंडावर राग नाही, एवढं तरी खरं आहे, असं तिला वाटत होतं.

"मी क्षमा मागायला नाही आले," ग्लेंडा म्हणाली. "तुझ्या नवऱ्यानं मला क्षमा केली तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. कारण त्यानं माहीत नसताना केली. ती माझी नाही. परत करायला आलेय."

"काय माहीत नसताना?"

ग्लेंडानं जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली. "त्याच्या आधीच्या शुक्रवारी. आम्ही जेवत होतो. ट्रॅव्हिस म्हणाला, भोपळेवाली मुलगी मला हसते. म्हटलं, ती सगळ्यांशीच हसून बोलते. तर म्हणाला, एक दिवस तिचं हसणं बंद करतो."

लव्हिना पेटीवर बसली.

"मंगळवारी सकाळी मी कपाट उघडलं. माझ्या नवऱ्याची बंदूक जागेवर नव्हती."

"मंगळवारी."

"हो."

"मंगळवारी तू मला दाताच्या डॉक्टरकडे नेलंस."

"हो."

"चाळीस मिनिटं जाताना. चाळीस मिनिटं येताना."

"हो, लव्हिना."

"आपण टोमॅटोबद्दल बोललो. यंदा कीड पडली म्हणालीस." लव्हिनाला तिचाच आवाज दुरून येतोय असं वाटलं. "येताना तू मला स्टॉलपाशी उतरवलंस. आरी तिथं होती. तू तिच्याकडून फुलांची कुंडी घेतलीस. तिनं तुला ती गाडीत ठेवून दिली."

ग्लेंडानं फक्त मान हलवली.

"का नाही बोललीस?"

"मागच्या वेळी तो असं बोलला म्हणून मी पोलिसांना फोन केला, तर त्याला नेऊन मनोरुग्णांच्या दवाखान्यात टाकलं. परत आला तर सहा महिने माझ्याशी बोलला नाही. वाटलं, नुसतं बोलतोय. वाटलं, बंदूक विकली असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं. पोटचा पोरगा आहे माझा." ती दाराला टेकली. "पोलिसांनाही सांगितलं नाही अजून. आधी तुला. तू सांग, काय करू?"

"ते तू मला विचारू नकोस."

"बरं."

"आत्ता जा, ग्लेंडा."

ग्लेंडानं दार उघडलं. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, जणू मागून हाक येईल. आली नाही. लव्हिना खिडकीतून ते निळं जाकीट लहान होत जाताना बघत राहिली, आणि तिला कळलं की आतापर्यंत तिला खरा राग माहीतच नव्हता. तो पोरगा म्हणजे वीज होती. कडाडली आणि पडली. विजेशी कुणाची ओळख नसते. ही तर शेजारी बसून टोमॅटोंबद्दल बोलली होती.

*

रविवारी खालच्या मजल्यावरच्या भिंतींचे सरकते फळे काढून चारही खोल्यांची एक खोली केली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. लव्हिना काळ्या कपड्यांत तिसऱ्या बाकावर होती. तिच्या पलीकडे सलोमी. कालपासून दोघी एकमेकींशी फक्त भांड्यांविषयी बोलल्या होत्या.

सकाळी आठला सुरू झालेलं प्रवचन दुपार उलटली तरी चालू होतं. सृष्टीच्या आरंभापासून सांगत येतात ते. लोक पाळीपाळीनं उठून स्वयंपाकघरात पाव-मुरांबा खाऊन परत येत. शेवटी एफ्राइमकाका उभे राहिले. ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे कामातून गेलेले. त्यांनी मंडळीचे नियम सांगितले आणि मग समेटावर आले. नाव घेतलं नाही, तरी सगळ्यांना माहीत होतं ते कुणाबद्दल बोलताहेत. आपल्यातल्या एका घरानं जगाला मोठी साक्ष दिली, ते म्हणाले. बायकांच्या चारदोन पांढऱ्या टोप्या लव्हिनाकडे वळल्या आणि परत सरळ झाल्या.

मग विचारणं सुरू झालं. पुरुषांकडून बिशपांचा मदतनीस, डीकन, आणि बायकांकडून स्वतः एफ्राइमकाका. प्रत्येकीपुढे वाकायचे, हळूच विचारायचे, उत्तर ऐकून पुढे सरकायचे. आहे. आहे. माझा समेट आहे. कुणाला वाईट बोलले असेन तर माफी असावी. आहे.

लव्हिनानं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. डीकन बेनुएलपुढे वाकला होता. बेनुएलचे ओठ हलले. हो.

"लव्हिना," काकांचा श्वास तिच्या कानाशी आला. त्याला कॉफीचा आणि म्हातारपणाचा वास होता. "मुली, देवाशी, मंडळीशी आणि सगळ्या माणसांशी तुझा समेट आहे ना?"

तिला वाटलं होतं, आपण रडू. पण डोळे कोरडे होते.

"नाही, काका."

ते जरा वेळ तसेच वाकून राहिले. कान कमी ऐकतात म्हणून चूक ऐकलं असावं, असं त्यांना वाटलं असेल. "बाळ?"

"नाही. देवाशी भांडण नाही माझं. माणसाशी आहे. आणि जे आहे ते नाही म्हणायला तुम्ही कधी शिकवलं नाहीत."

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड नव्हता. मग ते एक पाऊल सरकले.

"सलोमी."

सलोमीनं लगेच तोंड उघडलं. उत्तर तिच्या जिभेवर तयारच होतं, कालपासून, तीन आठवड्यांपासून. ते बाहेर आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला.

"मला वाटलं होतं, आहे," सलोमी म्हणाली. "नाहीये, काका. मी दाराला खुर्ची लावते."

तिच्या पलीकडे फॅनी ग्लिक, दोन पोरं गमावलेली म्हातारी. तिनं शांतपणे सांगितलं, "माझा आहे." तिच्यापुढचीचाही होता. तिच्यापुढचीचाही. पण त्यानं आता काही फरक पडत नव्हता.

एफ्राइमकाका परत पुढे जायला फार वेळ लागला. "मंडळीतल्या दोन बहिणींनी खरं सांगितलं," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी प्रभुभोजन होणार नाही. आपण थांबू."

अंगणात घोडे जोडताना एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, आणि लव्हिनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "आता पेपरवाल्यांना काय सांगायचं? सगळा देश आपलं गुणगान गातोय, आणि घरच्या बाईलाच जमत नाही." त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. सलोमी लिडियाची खुर्ची बग्गीकडे ढकलत होती. ती थांबली, वळली आणि त्या माणसाला म्हणाली, "पेपरवाल्यांना सांग, बाई खोटं बोलत नाही. एवढं छापा म्हणावं." मग ती लव्हिनाकडे न बघताच निघून गेली. तरी जाताजाता तिनं लव्हिनाच्या बाहीची निसटलेली टाचणी नीट खोचून दिली.

*

बेनुएल दूध काढायच्या वेळेच्या तासभर आधीच गोठ्यात जाऊन बसला होता. लव्हिना आली तेव्हा तो उभा राहिला.

"ट्रॅव्हिसशी ना?" तो म्हणाला. "मला कळतं, लव्हिना. मी घाई केली. तुझं तुला जेव्हा..."

"ट्रॅव्हिसशी नाही. ग्लेंडाशी."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. शुक्रवारचं जेवण, मंगळवारचं कपाट, चाळीस मिनिटं जाताना आणि चाळीस मिनिटं येताना. फुलांच्या कुंडीचं सांगताना तिचा आवाज फुटला, म्हणून तेवढं तिला दोनदा सांगावं लागलं.

बेनुएलनं सगळं ऐकून घेतलं. मग खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर घातली. लव्हिनाला वाटलं, हा निघाला. आता परत तीन मैल जाईल, परत तेच शब्द बोलेल आणि रात्री येऊन शांत झोपेल. तो दारापर्यंत गेला. चौकटीला हात लावून उभा राहिला. बाहेर कापून ठेवलेल्या मक्याच्या पेंढ्यांवर ऊन उतरत होतं.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी तिचे हात धरले होते. ती रडत होती तर मी म्हटलं, बाई, तुमचा काय दोष." त्याची पाठ हलायला लागली. पुरताना हा माणूस रडला नव्हता. मूठभर माती टाकून मागं सरला होता, आणि लोक म्हणाले होते, किती मोठं मन. "लव्हिना, पाय उचलत नाहीत माझे."

"मग जाऊ नकोस."

"मी हो म्हणालो आज. दीडशे माणसांत."

"तुला माहीत नव्हतं."

"आता आहे ना." त्यानं टोपी काढून चारा ठेवायच्या पेटीवर टाकली आणि तिथंच खाली बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. असा आवाज करून रडला की गाईंनी माना वळवल्या. लव्हिना जागची हलली नाही. मग ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. अंगाला अंग लागून. आरी गेल्यापासून ती दोघं अशी बसली नव्हती. तो आपल्या क्षमेपाशी होता आणि ती आपल्या रागापाशी, मधे कुणाला जायला वाट नव्हती.

कडेच्या गाईनं हंबरायला सुरुवात केली. तिची कास तटतटली होती. लव्हिना उठली, बादली घेतली, स्टूल ओढलं. थोड्या वेळानं बेनुएलही तोंड पुसून उठला आणि पलीकडच्या गाईखाली बसला. बादल्यांत धारा वाजू लागल्या.

"उद्या मी तिच्याकडे जाणार आहे," लव्हिना म्हणाली.

"काय सांगायला?"

"सांगायला नाही. विचारायला. त्या ऐंशी मिनिटांत एकदा तरी तोंड उघडावंसं वाटलं होतं का, एवढंच."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर परत येईन."

"हो म्हणाली तर?"

लव्हिनानं दोन-चार धारा काढल्या. "तर बसेन तिथं. पोलिसांना सांगायला ती एकटी कशी जाईल? किती वेळ बसवेल, माहीत नाही. क्षमा आहे की नाही, तेही माहीत नाही, बेनुएल. मला कुणी विचारू नका सध्या."

"नाही विचारत." त्यानं स्टूल मागं सरकवलं. "मी येऊ?"

"नको."

तिनं भरलेली बादली बाजूला ठेवली. तिच्यावर कापड झाकलं, कडा नीट बसवली. मग त्याच्याकडे न वळता म्हणाली, "रस्त्याच्या तोंडापर्यंत, स्टॉलपर्यंत ये. तेवढं मला एकटीला ओलांडवत नाही."